चढावर दम सोडणारी गाडी आणि बदलून झालेले दोन पार्ट

मुलुंडच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. २०१६ ची डिझेल कार, रोज घोडबंदर रोडने वसईला ये-जा. गायमुखच्या चढावर चार माणसं आणि एसी असला की पिकअप अचानक जातो आणि चेक लाईट लागते. बाजूला घेऊन बंद-चालू केली की गाडी पुन्हा पहिल्यासारखी. स्कॅनरवर एकच कोड, पी०२९९. गॅरेजने आधी टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) अ‍ॅक्च्युएटर बदलला (टर्बोच्या पात्या हलवणारा भाग; पत्र्याची डबी, तिला एक रबरी पाईप, असं वर्णन त्यांनी केलंय), मग ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप). तीन आठवड्यांनी तोच कोड परत. आता ‘ईसीएम गेलाय’, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेलाय, म्हणताहेत. शिवाय मेहुण्याच्या ट्रेलरवर एकदम तीन कोड येतात, तेही विचारलंय. अ‍ॅक्च्युएटर खराब की त्याला चालवणारं कंट्रोल, हे ओळखायचं कसं?

ईसीएम बदलू नका. गाडी न बघता हे म्हणतोय, कारण तुमच्या कोडमध्येच ते लिहिलेलं आहे. टर्बो कंट्रोलची वायर तुटली, कॉईल जळाली किंवा ईसीएमच्या आतला ती कॉईल चालवणारा ट्रान्झिस्टर गेला, तर बहुतेक वेळा पी००४५ सारखा सर्किटचा कोड येतो. ईसीएम आपल्या कॉईलवर स्वतःच लक्ष ठेवून असतो. करंट वाहायला हवा तेव्हा वाहिला नाही की त्याला लगेच कळतं. पी०२९९ चा अर्थ वेगळा आहे: मी मागितलं तेवढं हवेचं प्रेशर आलं नाही. म्हणजे मागणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे, म्हणून तर तो तक्रार करतोय.

गेली तेवीस वर्षं मी भांडुपला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो आणि आठवड्याला एक तरी गाडी अशी येते जिचा चांगला पार्ट काढून दुसरा चांगला पार्ट बसवलेला असतो. कारण एकच. स्कॅनर लावला, कोडच्या नावात ‘टर्बो’ दिसलं, टर्बोचा पार्ट मागवला. कोड ही पोलिसात दिलेली फिर्याद असते. फिर्यादीत ज्याचं नाव आहे त्याला थेट तुरुंगात टाकत नाहीत.

कोड वाचताना आधी एवढंच बघायचं: तो सर्किटची तक्रार करतोय की कामाची? ईजीआरचंच घ्या. पी०४०३ म्हणजे ईजीआरच्या कंट्रोल सर्किटमध्ये गडबड. इथे मल्टिमीटर घ्या, कपलर (वायरींचा जोड) उघडा. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून वाहायला हवा तेवढा धूर वाहत नाही; इथे वायरिंग बहुधा ठीक असतं, कार्बनने वाट बुजलेली असते, पाना आणि ब्रश घ्या. दोन्ही कोडना गॅरेजमध्ये ‘ईजीआरचा कोड’ म्हणतात आणि दोन्हींवर औषध एकच, नवा ईजीआर. तुमच्याकडे तर यातला एकही कोड नसताना ईजीआर बदलला गेला.

आता मूळ प्रश्न. अ‍ॅक्च्युएटर म्हणजे ईसीएमचे हात. सेन्सर कळवतात, ईसीएम ठरवतो, अ‍ॅक्च्युएटर हलवतो: थ्रॉटलची झडप, टर्बोच्या पात्या, ईजीआर, इंजेक्टर, डिझेल पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, एएमटीचा (आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सचा) क्लच, एसीच्या डक्टमधला फ्लॅपसुद्धा. बेस्टच्या जुन्या बसमध्ये कंडक्टर दोरी ओढून दोन टोले द्यायचा, तसं हे आहे. बस हलली नाही तर दोरी तुटलेली असेल, घंटी वाजत नसेल, ड्रायव्हरला ऐकू गेलं नसेल, गिअर पडत नसेल, किंवा बस हललेली असेल आणि कंडक्टरच चुकीच्या खिडकीतून बघत असेल. आपल्या कामात हे टप्पे असे: हुकूम सुटला का, करंट पोचला का, अ‍ॅक्च्युएटर हलला का, त्याच्या हलण्याने पुढचं काम झालं का, आणि झालेलं ईसीएमला कळलं का. नवा पार्ट टाकणारा माणूस फक्त तिसऱ्या टप्प्यावर पैसे लावतो.

तुमच्या गाडीत शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करा, कारण ते फुकट आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि स्कॅनरवर मॅप सेन्सरचं (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) प्रेशर बघा. इंजिन चालू नाही, म्हणजे आत-बाहेर हवा सारखीच. मुंबई समुद्राकाठी, तेव्हा आकडा १००० ते १०१५ मिलिबारच्या आसपास यायला हवा. (हीच गाडी लोणावळ्याला नेली तर ९४० च्या घरात दिसेल. तो बिघाड नव्हे, उंची आहे.) इथे आकडा ९०० किंवा ११०० दिसला तर सेन्सर खोटं बोलतोय, बहुतेक त्याच्या नाकपुडीत काजळी आहे. काढा, क्लीनरने हळू धुवा, खुपसून साफ करू नका. मोबाईलला जोडलेला साधा ब्लूटूथ डोंगलही हा आकडा दाखवतो.

आकडा बरोबर असेल तर गाडी गायमुखला न्या. कोणाला तरी शेजारी बसवून स्कॅनरचं रेकॉर्डिंग लावा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघू नये. दोन आकडे शेजारी-शेजारी हवेत: ईसीएमने मागितलेलं बूस्ट (टर्बोने द्यायचं हवेचं प्रेशर) आणि मिळालेलं बूस्ट. मागितलेला आकडा साध्या डोंगलवर बऱ्याचदा दिसत नाही, त्यासाठी त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो. एवढ्यापुरतं शे-पाचशे रुपये देऊन कोणाकडून करून घेतलं तरी चालेल. तिसऱ्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमपासून पूर्ण रेस. मागणी २१०० मिलिबारची आणि मिळकत सुरुवातीपासूनच १४०० वर रेंगाळत असेल, तर टर्बोच्या पात्या मिटतच नाहीत किंवा हवा कुठेतरी निसटते आहे. दोन्ही आकडे बरोबर चढत गेले आणि ठरावीक क्षणी मिळकत धाडकन पडली, तर काहीतरी गरम झाल्यावर किंवा प्रेशर आल्यावर सुटतंय. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, कारण तिथे ईसीएम जास्त मागतच नाही. चढावर मागणी मोठी असते आणि तफावत काही सेकंद टिकते, तेव्हा तो हात आखडता घेतो. त्यालाच आपण लिंप मोड म्हणतो. बंद-चालू केल्यावर तो पुन्हा नव्याने विश्वास टाकतो, म्हणून गाडी सुधारल्यासारखी वाटते.

यानंतर बॉनेट उघडा. तुमचा अ‍ॅक्च्युएटर पाईपवाला आहे, म्हणजे व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारा. अशा बहुतेक गाड्यांत व्हॅक्यूम मिळाला की रॉड आत खेचला जातो, पात्या मिटतात आणि कमी आरपीएमलाही टर्बो जोर धरतो. व्हॅक्यूम नसला की स्प्रिंग पात्या उघड्या ठेवते. ही सुरक्षित बाजू, पण गाडी मेल्यासारखी चालते. म्हणजे वाटेत कुठेही गळती झाली की लक्षण तेच: बूस्ट कमी, पी०२९९.

टॉर्च घेऊन रॉडवर धरा आणि दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा. चालू होताच रॉड एका दमात वर खेचला जाऊन तिथेच थांबला पाहिजे, बंद करताच सावकाश खाली यायला हवा. अर्ध्यावर थांबला, थरथरला किंवा हलला नाही, तर पाईप डबीवरून काढून बोट लावा. बोट चिकटतंय इतकी ओढ हवी. ओढ नसेल तर नवा अ‍ॅक्च्युएटर निरपराध आहे आणि तुम्ही मागे मागे जायचं: पाईप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (ईसीएमच्या हुकमाने व्हॅक्यूम सोडणारी विजेची झडप), त्याच्या मागचा पाईप, व्हॅक्यूम पंप. व्हॅक्यूमचा हातपंप असेल तर डबीला लावून ५०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत ओढा. सुई एक मिनिट जागची हलता कामा नये आणि रॉड पूर्ण प्रवासात कुठेही न अडखळता गेला पाहिजे. अडखळला तर डबी नाही, टर्बोच्या आतल्या पात्या काजळीने जाम आहेत. पवई ते मुलुंड दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. ही चाचणी थंड इंजिनावर एकदा आणि गरम इंजिनावर, हात सांभाळून, पुन्हा करा. थंड असताना लोण्यासारखा सरकणारा रॉड तापल्यावर रुसलेला मी पाहिलाय.

मागच्या पावसाळ्यात कांजूरमार्गच्या सोसायटीतून अशीच एक गाडी आली. दोन ठिकाणी जाऊन आलेली, टर्बो रिकंडिशन केलेला, पावती पुढे केली. चालू केल्यावर रॉड वर गेला, पण टॉर्च तिथेच धरून उभा राहिलो तेव्हा दिसलं की तो फार हळू, घड्याळाच्या काट्यासारखा खाली उतरतोय. दहा-पंधरा सेकंदांत केसाएवढा. पाईप वरून छान दिसत होता. बॅटरीच्या ट्रेखालून हात घालून पूर्ण बाहेर ओढला, तर खालच्या बाजूला उंदराच्या दातांचे दोन ठिपके. आरपार फक्त एक. पेनाची निबसुद्धा गेली नसती एवढं छिद्र. लोड नसताना पंप ती गळती जवळजवळ भरून काढत होता, चढावर ईसीएमला पात्या झटकन मिटायला हव्या असत तेव्हा मात्र व्हॅक्यूम पुरत नव्हता. हातभर पाईप बदलला. पाईपची किंमत सांगत नाही, त्या माणसाचा चेहरा आठवतो.

पंपाकडे जाताना ब्रेकचंही ध्यानात घ्या. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरला आणि टर्बोला व्हॅक्यूम एकाच पंपाचा. पेडल दगडासारखं लागत असेल तर पंप किंवा मुख्य पाईप तपासा, आणि तोवर गाडी चालवू नका. निरोगी पंप इथे, समुद्रसपाटीला, आयडलिंगवर ६५० मिलिमीटरच्या आसपास किंवा वर दाखवतो. हवेच्या बाजूला इंटरकूलरचे जाड पाईप: क्लॅम्पखाली फडकं फिरवा. ताजा तेलकट ओघळ दिसला तर तिथून प्रेशर निसटतंय.

आता विजेचा भाग, कारण तुमचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अजून कोणी तपासलेला दिसत नाही.

मल्टिमीटर चांगला आहे पण भोळा आहे. वायरमधले वीसपैकी एकोणीस धागे तुटलेले असोत, उरलेल्या एका धाग्यावर तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट लागतच नाही. अ‍ॅक्च्युएटरला लागतो. म्हणून कपलर काढून व्होल्ट बघणं ही चाचणीच नव्हे. कपलर काढा, त्याच्या सप्लाय पिनवर आणि बॅटरीच्या अर्थवर २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. पावणेदोन अँपिअर ओढतो तो. झगझगीत पेटला तर सप्लायच्या वायरीत जीव आहे. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी रस्ता अरुंद झालाय. पण हा बल्ब ईसीएमच्या कंट्रोल पिनवर लावू नका. बहुतेक सोलेनॉइडना पॉझिटिव्ह कायम मिळतो आणि ईसीएम अर्थच्या बाजूने चालू-बंद करतो. आतला ट्रान्झिस्टर छोट्या कॉईलच्या हिशेबाने बनवलेला असतो. तो जळाला की मग खरंच ईसीएम गेला, आणि घालवला आपण. तसंच पाच व्होल्टच्या सेन्सर वायरीवर बारा देऊ नका, पिवळ्या कपलरला म्हणजे एअरबॅगला हात लावू नका, आणि चालू इंजिनावर कॉमन रेलचा (इंजेक्टरकडे जाणारा डिझेलचा) पाईप ढिला करून ‘डिझेल येतंय का’ बघू नका. आत शेकडो बार, रेसवर हजार-दीड हजार बारच्याही वर प्रेशर असतं. ती धार कातडीतून आत जाते आणि वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं.

सप्लाय ठीक असेल तर कपलर जोडून, गाडी चालू ठेवून, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला, मग ईसीएमच्या अर्थ बोल्टला. हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू. ०.१ व्होल्टच्या आत हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर तिथेच थांबा, पुढचं सगळं मोजमाप फसवं आहे. वायरीला सुई टोचून मोजायची सवय असेल तर ती इथल्या पावसात सोडून द्या: त्या भोकातून पाणी आत चढतं आणि सहा महिन्यांनी तांबं हिरवी भुकटी होतं.

सोलेनॉइडची कॉईल बहुधा १० ते २० ओहमच्या दरम्यान असते, नेमका आकडा गाडीच्या माहितीत बघा. एक गोष्ट मात्र कुठल्याही गाडीला लागू: तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. थंडीत १५ दाखवणारी कॉईल साठ अंश जास्त तापली की साडेअठराच्या जवळ जाणारच. तो बिघाड नाही. पण साडेअठरा सोडून मीटर मध्येच ‘ओपन’ दाखवायला लागला तर आतली तार तापून तुटते आहे. म्हणून थंड पार्ट टेबलावर ठेवून ‘ओके’ म्हणणाऱ्यावर विश्वास नको. हेअर ड्रायरने तापवून बघा. बायको विचारेल, सांगा कामाचंय.

हुकूम सुटतो का हे बघायला बहुतेक चांगल्या स्कॅनरमध्ये अ‍ॅक्च्युएटर टेस्ट असते. स्कॅनरवरून हुकूम द्या, हात पार्टवर ठेवा. टकटक जाणवली आणि रॉडही हलला तर ईसीएम, वायर, सोलेनॉइड, डबी या सगळ्यांना एका फटक्यात क्लीन चिट. टकटक आहे पण रॉड हलत नाही, तर व्हॅक्यूमची बाजू. टकटकच नाही, तर वीज. मीटरवर मात्र कंट्रोल वायरचे व्होल्ट बघून गोंधळ होतो: ईसीएम सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि साधा मीटर सरासरी दाखवतो. सात व्होल्ट दिसले म्हणून ‘सप्लाय कमी’ असं नसतं. मीटरवर ड्यूटीची टक्केवारी (एकूण वेळातला किती वेळ चालू) असेल तर ती लावा. लॅमिंग्टन रोडला असा मीटर आणि छोटा स्कोप (व्होल्टचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळतो. हे काम शिकायचं असेल तर दहा स्कॅनरपेक्षा तो स्कोप घ्या.

माझी एक चूक सांगतो. चेंबूरची एक पेट्रोल हॅचबॅक, पी२१३५. थ्रॉटलच्या झडपेवर दोन सेन्सर असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचे व्होल्ट चढतात तेव्हा दुसऱ्याचे उतरतात आणि बेरीज पाचच्या आसपास राहते. दोघांचा हिशेब जुळला नाही की हा कोड येतो आणि झडप स्प्रिंगच्या भरवशावर थोडीशी उघडी राहते, गाडी जेमतेम रांगते. मी बेरीज बघितली, जुळत नव्हती, थ्रॉटल बॉडी बदलली. दोन महिन्यांनी गाडी परत. तेव्हा कपलर भिंगाखाली धरला. सहापैकी एका पिनची कड किंचित फाकलेली. मीटरची जाड प्रोब समोरून खुपसून मोजताना ती मीच फाकवली होती. त्या आधीचा मूळ दोष कपलरच्या रबरात शिरलेल्या पाण्याचा असणार. थ्रॉटलचे पैसे परत दिले. तेव्हापासून माझ्या डब्यात जुन्या कपलरमधून काढलेल्या सुट्या पिना असतात. जोडीदार पिन घालून ओढून बघायची. लोण्यातून निघाल्यासारखी निघाली तर पकड गेली.

इथली हवा खारट, त्यात पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्यानंतरची दोन वर्षं आम्ही वायरमन लोक फक्त हिरवे कपलर साफ करत होतो. आताही हिंदमाता किंवा अंधेरी सबवेतून पाण्यात गेलेली गाडी लगेच बिघडत नाही, दिवाळीच्या सुमारास येते, आणि मालकाला जुलैचं पाणी आठवतही नाही. विचारावं लागतं. कपलर साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. पॉलिश पेपर घासलात तर पिनवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात दुप्पट वेगाने गंजते.

ईसीएमवर खरोखर संशय कधी घ्यायचा? त्याला मिळणारे सगळे पॉझिटिव्ह आणि अर्थ लोडवर तपासले, सेन्सरना जाणारे पाच व्होल्ट शाबूत आहेत, वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट आहे, पार्ट दुसऱ्या मार्गाने चालवून चांगला ठरला आणि तरीही हुकूम सुटत नाही, तेव्हा. पाच व्होल्टची खूण लक्षात ठेवा: एकमेकांशी संबंध नसलेल्या चार सेन्सरचे कोड एकदम आले तर त्यातला एकच आतून शॉर्ट होऊन सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढत असतो. एकेक कपलर काढत जा. ज्याच्या काढण्याने पाच परत आले तो चोर.

मेहुण्यांच्या ट्रेलरकडे येतो. ट्रकचे कोड वाचायला कारपेक्षा सोपे, फक्त कोणी पूर्ण वाचत नाही. एसपीएन हा आकडा कुठला भाग ते सांगतो, त्यापुढचा एफएमआय काय झालं ते सांगतो. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज नको तेवढं वर, ४ म्हणजे खाली, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट उघडं, ६ म्हणजे करंट जास्त किंवा अर्थला शॉर्ट, ७ म्हणजे यांत्रिक भाग हुकमाप्रमाणे हलत नाही. एसपीएन तोच असला तरी ५ आणि ७ साठी हत्यारं वेगळी लागतात. मेहुण्यांनी तिन्ही कोडचे एसपीएन कळवलेत, एफएमआय एकाचाही नाही. तो बघून कळवा.

तरी तीन एकदम म्हणजे माझा अंदाज अर्थिंगचा. दोन वर्षांपूर्वी कळंबोलीला एक कंटेनर ट्रेलर बघायला गेलो होतो, बीएस-६ चा, ईजीआर, युरिया डोसिंग (धूर साफ करायला युरिया फवारणारा भाग) आणि फॅन असे तीन कोड. मालक तिन्ही पार्टचं कोटेशन हातात घेऊन उभा. तीन वेगळे पार्ट एकाच आठवड्यात मरत नाहीत, मरतं ते तिघांना सामाईक असलेलं काहीतरी. २४ व्होल्टच्या गाडीत सगळे दिवे आणि ब्लोअर लावले: बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक ०.०४, बॅटरी निगेटिव्ह ते ईसीएमचा अर्थ बोल्ट १.९ व्होल्ट. केबल बाहेरून नवी दिसत होती. लगजवळ (टोकाला बोल्टाखाली बसणारी चकती) वाकवली तर आवरणाच्या आत चुरचुर आवाज आला, भाजलेल्या पापडासारखा. कापली, आत पांढरट-हिरवा भुसा. न्हावाशेव्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहणारी गाडी. नवी केबल, नवे लग, बोल्टाखालचा रंग खरवडून वर ग्रीस. तिन्ही कोड गेले.

अर्थ ठीक निघाला तर बॅटरी काढून स्कॅनर लावायच्या नऊ पिनच्या कपलरवर सी आणि डी पिनमध्ये ओहम मोजा: ६० यायला हवेत. १२० आले तर कॅन लाईनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) दोन टोकांपैकी एक तुटलंय; शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. (कारच्या ओबीडी कपलरवर हेच ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये.) आणि त्यांना एक विचारा: अलीकडे चासीवर वेल्डिंग झालंय का? बॅटरी आणि ईसीएमचे कपलर न काढता वेल्डिंग केलं तर करंट कुठून घरी जाईल ते कोणी सांगू शकत नाही. डोसिंगचा कोड एकटाच उरला तर नॉझलवर पांढरे युरियाचे खडे आहेत का बघा. कोमट पाण्याने विरघळतात, पार्ट बदलायचं कारण नसतं.

पार्ट बदलल्यावर लर्निंग करावं लागतं, हेही अनेक गॅरेजमध्ये राहून जातं. नवी थ्रॉटल बॉडी, इलेक्ट्रिक ईजीआर, मोटरवाला टर्बो अ‍ॅक्च्युएटर, एएमटीचा क्लच: ईसीएमला यांची पूर्ण उघडी आणि पूर्ण बंद जागा स्कॅनरवरून शिकवावी लागते. नाहीतर तो जुन्या, कार्बन चढलेल्या पार्टच्या आठवणीवर नव्याला चालवतो आणि कोड परत देतो. तुमची डबी व्हॅक्यूमची, तिला शिकवणी नको, पण रॉडची लांबी नटवर सेट केलेली असते. जुन्याच्या मापाने बसवली का, की डब्यातून आली तशी, हे विचारा. ईजीआरला मात्र लर्निंग केलं का, तेही विचारा.

तर तुमचा क्रम: चावी ऑन करून मॅपचा आकडा, मग गायमुखचं रेकॉर्डिंग, टॉर्च घेऊन रॉड, पाईप पूर्ण बाहेर काढून हाताळणं, मग सोलेनॉइड गरम करून. माझे पैसे पाईप किंवा सोलेनॉइडवर. आणि काढलेला जुना अ‍ॅक्च्युएटर गॅरेजवाल्याकडून परत मागून घ्या, भंगारात गेला नसेल तर. हातपंप लावा. सुई थांबली, तर तो स्पेअर म्हणून डिकीत टाकून ठेवा.